पहिला क्रमांक विकत मिळतो का?

प्रश्न : वारूळवाडीत आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. वेबसाइट केली, पण गूगलवर ती दिसत नाही. एक जण फोनवर म्हणतो, ‘पैसे भरा, शेकडो डिरेक्टऱ्यांत नाव घालून पहिल्या क्रमांकावर आणतो.’ भरावेत का?
– एक वाचक, वारूळवाडी

उत्तर : भरू नका. गूगलच्या नेहमीच्या निकालांत क्रमांक विकत मिळत नाही. विकत मिळते ती जाहिरातीची जागा, आणि तिथे तसं लिहिलेलं असतं. पहिल्या क्रमांकाची हमी देणारा माणूस फसवतोय, असंच समजा. डिरेक्टऱ्यांचे, म्हणजे वेबसाइटांच्या याद्यांचे, दिवसही सरले. याहूची डिरेक्टरी २०१४ मध्ये आणि डीमॉझ ही डिरेक्टरी २०१७ मध्ये बंद झाली.

आधी गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये तुमची पानं नोंदली गेलीत का ते बघा. ही सोय मोफत आहे. पानांवर नुसते फोटो नकोत, मजकूर हवा : मुक्कामाचा दर, जेवण, शिवनेरी, ओझर, लेण्याद्री किती लांब, सगळं मराठीत आणि इंग्रजीतही.

खरा फायदा मात्र नकाशावरच्या नोंदीचा. ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ही फुकट आहे. तिथला क्रमांक शोधाशी जुळणं, अंतर आणि व्यवसायाची ओळख यांवर ठरतो. पुण्यात बसून शोधणाऱ्याला जवळची केंद्रं आधी दिसली, तर तो तुमचा दोष नाही. नारायणगाव शेजारीच आहे म्हणून केंद्राच्या नावात ते घुसडू नका. ते गूगलच्या नियमात बसत नाही. पाहुण्यांकडून अभिप्राय जरूर मागा, पण सवलतीच्या बदल्यात नको.

आणि फोनवरच्या त्या माणसाला ओटीपी किंवा पासवर्ड अजिबात सांगू नका.