बाळंतपण कोठे व्हावे, हे कोण ठरविते?
(प्रसूतिविभागाचे टिपण)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण १९९८-९९ मध्ये ५२.६ टक्के होते. २००५-०६ मध्ये ते ६४.६, २०१५-१६ मध्ये ९०.३ आणि २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. राज्यातील मातामृत्यूचे प्रमाणही २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. हे यश निर्विवाद आहे. तथापि, बाळंतपण रुग्णालयात झाले एवढ्यावरून ती माता तेथे केव्हा पोहोचली, कोणत्या अवस्थेत पोहोचली आणि वाटेत किती रुग्णालये मागे टाकून आली, हे कळत नाही. आमच्या प्रसूतिकक्षात काम करणाऱ्यांना रोज दिसते ते हेच. म्हणून पहिलटकरीण आणि त्यातही विशीच्या आतील अथवा नुकतीच विशी ओलांडलेल्या मातांशी, बाळंतपणानंतर त्या जरा स्वस्थ झाल्यावर, आम्ही सवडीने बोलत गेलो. विचारणे एवढेच होते : येथे यावयाचे कधी ठरले, आणि कोणी ठरविले? पुढील टिपण त्या संभाषणांवर आधारलेले आहे.

‘कोणी ठरविले’ या प्रश्नाला मुलींनी दिलेले उत्तर बहुधा एका नात्याचे नाव असे. सासूबाई, आई, चुलत सासरे, मोठे दीर. ‘मी ठरविले’ असे उत्तर क्वचितच आले. एक मुलगी तर प्रश्नानेच गोंधळली. “मला कोण इचारतंय, मावशी?” असे ती आमच्या परिचारिकेला म्हणाली. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. वस्तुस्थिती सांगावी तसे तिने ते सांगितले.

या निर्णयावर सर्वाधिक प्रभाव असतो तो रिवाजाचा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडील जुनी रीत. सातव्या महिन्यात ओटीभरण होते आणि मुलगी माहेरी येते. या रीतीला अंधश्रद्धा म्हणून हिणविण्याची सवय आम्हा वैद्यकीय मंडळींना आहे. ती आम्हांस मान्य नाही. सासरी जिला दिवसभर पाण्याच्या खेपा घालाव्या लागतात, तिला माहेरी दोन महिने विसावा मिळतो, आईच्या हातचे खावयास मिळते, बाळंतपणानंतर शेक-शेगडी आणि न्हाणे-माखणे होते. कोवळ्या वयाच्या मुलीसाठी हे औषधाइतकेच मोलाचे आहे. अडचण निराळीच आहे. पहिल्या सात महिन्यांची तपासणी सासरच्या गावी झालेली असते, प्रसूती माहेरच्या तालुक्यात होते, आणि या दोहोंना जोडणारे माता-बाल संरक्षण कार्ड पुष्कळदा सासरच्या ट्रंकेत राहून जाते. रक्तगट, हिमोग्लोबिन, आधीचा रक्तदाब यांतील काहीही ठाऊक नसलेली मुलगी कळा घेत आमच्या दारात उभी राहते. सासरच्या आशाताई तिला नावानिशी ओळखतात, तर माहेरच्या आशाताईंच्या यादीत तिचे नावच नसते.

आमचे रुग्णालय बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. येथे या रिवाजावर आणखी एका गोष्टीची सत्ता चालते. ती म्हणजे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्याला’, मिळते. जोडीतील एक जण बसला तर उचल फिटत नाही, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो. त्यामुळे गर्भारपणाचे महिने हंगामाच्या महिन्यांत आले की तपासणी, विश्रांती आणि प्रसूतीचे ठिकाण या तिन्हींचा हिशेब उचलीच्या हिशेबाखाली दबतो. जी मुलगी ज्येष्ठात बाळंत व्हावयाची असते तिचे सारे नीट पार पडण्याचा संभव असतो. जिचे दिवस पौष-माघात भरतात तिचे नशीब कोपीवर, टोळीवर आणि मुकादमाच्या स्वभावावर अवलंबून राहते.

एक प्रसंग येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दसऱ्यानंतर एक पहिलटकरीण आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली होती. पाचवा महिना, रक्त थोडे कमी, बाकी ठीक. आम्ही लोहाच्या गोळ्या दिल्या आणि केसपेपरवर लिहिले, ‘पंधरा दिवसांनी दाखविणे’. आठवड्याभरात ती टोळीबरोबर जाणार हे तिच्या सासूबाईंनी आमच्यासमोर बोलून दाखविले होते. ते ऐकूनही आम्ही ते वाक्य लिहिले, कारण ते लिहिण्याची हाताला सवय आहे. जानेवारीअखेर तिला पहाटे आमच्याकडे आणले ते झटके येत असताना. कारखान्याजवळच्या कोपीत दोन दिवस तिचे डोके दुखत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पायांवर सूज होती. डोकेदुखीची गोळी देऊन तिने मोळ्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी ठरविले, की पहिले बाळंतपण आहे, माहेरी पोहोचवावी. कारखान्यापासून थोड्याच अंतरावर मोठे रुग्णालय होते. रात्रभराच्या जीपच्या प्रवासात तालुक्याची दोन गावे लागली, दोन्हींत दवाखाने होते. जीप थांबली नाही. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने झटके आटोक्यात आले, मुलगी वाचली. बाळ मात्र पोटातच गेले होते.

मातामृत्यूचा विचार करताना थॅडियस व मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली : निर्णय घेण्यातील, पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. आपल्या राज्यात दुसऱ्या विलंबावर बरेच काम झाले. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. वरील प्रसंगात तर अंतर हा प्रश्नच नव्हता. वाहन होते, रस्ता होता, रुग्णालये होती. निर्णयच चुकीच्या दिशेने धावला. आणि त्या निर्णयात आमचाही वाटा होता, कारण धोक्याची तीन लक्षणे व कारखान्याजवळच्या रुग्णालयाचे नाव आम्ही ऑक्टोबरमध्येच त्या सासूबाईंना सांगू शकलो असतो.

पैशाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण पूर्वीइतका तो निर्णायक राहिलेला नाही. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार आणि घरापर्यंतचे वाहन विनामूल्य आहे. त्याआधीची, २००५ ची जननी सुरक्षा योजना रोख अनुदान देणारी. परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यांत तिच्या लाभासाठी मातेचे वय किमान एकोणीस असावे व अपत्ये दोनपर्यंतच असावीत अशा अटी होत्या. म्हणजे ज्यांना धोका अधिक त्या सर्वांत लहान माताच वगळल्या गेल्या. २०१३ मध्ये या अटी काढण्यात आल्या. तोवर ‘वय एकोणीस सांगावयाचे’ हे मात्र घरोघर पाठ झाले होते.

वयाचा हा प्रश्न आज अधिकच बिकट झाला आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी अठरापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के आढळले. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलगी गर्भवती असल्याचे कळताच पोलिसांस कळविणे आम्हांस बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीबाबतचा अपवादही रद्द केला. बालविवाहाविरुद्ध कायद्याची धार असावी, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण गावात तिचा अर्थ असा लावला जातो, की दवाखान्यात नेले तर नवरा, सासरा आणि मुलीचा बाप तिघेही आत जातील. मग वय लपविले जाते, दूरच्या तालुक्यातील एखादे लहान खासगी प्रसूतिगृह गाठले जाते, किंवा म्हाताऱ्या सुईणीला रात्री बोलावणे जाते. पहिल्या गर्भारपणात, कोवळ्या वयात रक्तदाबाचे झटके व बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका अधिक असतो. अतिरक्तस्राव सुरू झाला तर हाती जेमतेम दोन तास असतात. अशा मुलीनेच रुग्णालयापासून लपावे, हा विपर्यास आम्ही दर हंगामात पाहतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिची व पालकांची तशी विनंती असल्यास, पोलिसांना न सांगण्याची मुभा डॉक्टरांना दिली. ती गर्भपाताच्या संदर्भात आहे. प्रसूतीसाठी आलेल्या मुलीबाबत आम्ही कायद्यानुसार कळवितो, आणि कळविण्यापूर्वी कुटुंबाला समोर बसवून तसे स्पष्ट सांगतो. त्यामुळे काही कुटुंबे उठून गेली आहेत, हेही येथे लपवीत नाही.

राहता राहिली वागणूक. “तिथं वरडत्यात” हे एक वाक्य अख्ख्या वाडीची दिशा बदलू शकते. पहिल्या कळांनी घाबरलेल्या मुलीवर कोणी खेकसले, तर तिच्या धाकट्या जावेचे बाळंतपण त्या इमारतीत होत नाही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतीवेळी सोबतीण असू देण्यावर भर आहे. आमच्याकडे जागेची अडचण सांगून आम्ही ते बरेच दिवस टाळले. आता दोन खाटांमध्ये पडदा लावून आईला किंवा सासूला आत घेतो. आरंभी परिचारिकांची कुरकुर होती. आता पाणी पाजणे, पाठ चोळणे हे काम आपोआप होते म्हणून त्याच आईला हाक मारतात. ‘सिझर’ची भीती मात्र सहजासहजी जात नाही, आणि राज्यात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती २५.४ टक्क्यांपर्यंत गेलेल्या असताना (२०१९-२१) ती निराधार आहे असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. शस्त्रक्रिया का करावी लागली हे नातेवाइकांना, आणि त्यांच्याआधी त्या मुलीला, सांगण्याचा परिपाठ ठेवला आहे.

हंगामापूर्वी, म्हणजे पितृपंधरवड्यापासूनच, आमचे पथक टोळ्या निघणाऱ्या वाड्यांवर जाऊ लागले आहे. गर्भवतीच्या कार्डाची प्रत काढून एक तिच्याजवळ व एक सासूजवळ दिली जाते. टोळी कोणत्या कारखान्याला जाणार हे मुकादमाकडून विचारून तेथील जवळच्या शासकीय रुग्णालयाचे नाव कार्डाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले जाते. त्याखाली लिहिलेले असते : डोके दुखले, अंधारी आली, अंगावरून रक्त गेले, तर माहेरी निघू नये; येथे जावे. ‘पंधरा दिवसांनी दाखविणे’ हा शिक्का आम्ही भाद्रपदापासून कपाटात ठेवून देतो.