एकटे असता छातीत कळ आली तर

वाचन : उपदेशक ४:९-१२, मार्क २:१-१२

मुळशीच्या धरणाभोवती व ताम्हिणीच्या डोंगरांत वाड्या दूरदूर विखुरल्या आहेत. तरुण माणसे कामासाठी पिरंगुटास वा पुण्यास जातात, आणि घरी वृद्ध माणूस एकटेच राहते. अशा वेळी छातीत कळ आली तर काय करावे, ह्याचा आज आपण विचार करू.

छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत उतरणारी कळ, थंड घाम, दम व मळमळ ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे होत. स्त्रियांत व मधुमेह असणाऱ्यांत दुखणे सौम्यही असू शकते. पुष्कळजण पित्त समजून ओवा चावतात, आणि शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून उजाडेपर्यंत थांबतात. हा संकोचच घात करतो. कारण रक्त न पोहोचलेला हृदयाचा स्नायू क्षणोक्षणी मरत असतो.

म्हणून पहिले, १०८ ह्या क्रमांकास फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य मिळते. वाडीचे नाव व जवळची खूण सांगावी. रेंज नसल्यास हाक मारावी, थाळी वाजवावी. दुसरे, दाराची कडी काढून ठेवावी. तिसरे, दारापाशीच भिंतीस टेकून, गुडघे दुमडून बसावे. चालत निघू नये, गाडी चालवू नये. चौथे, ॲस्पिरिन सोसत असेल, डॉक्टरांनी ते वर्ज्य केले नसेल, आणि रक्तस्राव वा पोटात व्रण नसेल, तर ३०० मिलिग्रॅम चावून खावे. जोराने खोकल्यास झटका टळतो असे लोक सांगतात. त्यावर विसंबून वेळ दवडू नये.

मार्काच्या शुभवर्तमानातील पक्षघाती मनुष्य आपल्या पायांनी प्रभूकडे गेला नाही. चौघांनी त्यास उचलून नेले, त्याकरिता छप्परही उघडले. प्रभूने त्यास दोष दिला नाही. उलट त्यांचा विश्वास पाहिला. तेव्हा शेजाऱ्यास हाक मारणे हा अविश्वास नव्हे, असे आम्ही निक्षून सांगतो. प्रार्थना अवश्य करावी. पण कडी काढता काढता करावी.

सुवार्तिक बंधूंनी येत्या रविवारी एकटे राहणाऱ्यांची नावे लिहून घ्यावी, प्रत्येकासाठी जवळची चार माणसे नेमावी, आणि त्यांचे क्रमांक १०८ सह त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे. आपल्या वाडीत ते चौघे कोण, हे संकटापूर्वीच ठरलेले असावे.