कौन्सिल पालक होते तेव्हा

आईबाप आजारी पडले, घर मोडले किंवा घरातच मुलाचा छळ होऊ लागला, तर त्या मुलाने कोणाकडे पाहावे? इंग्लंडमध्ये ही जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर आहे. आपल्या इंग्लंडमधील कुटुंबांना तिची माहिती असणे आवश्यक आहे.

जानेवारी १९४५ मध्ये डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा श्रॉपशायरमधील एका शेतावर मारहाण व उपासमारीने मरण पावला. न्यूपोर्टच्या कौन्सिलने त्याला त्या घरी ठेवले होते. परंतु देखरेख नीट झाली नाही. या घटनेने देश हादरला. पुढे १९४८ चा बालक कायदा आला. आजचा मुख्य आधार १९८९ चा बालक कायदा होय.

मूल कौन्सिलकडे मुख्यतः दोन मार्गांनी जाते.

१) कलम २० : आईबापांच्या संमतीने. पालकत्वाचे हक्क आईबापांकडेच राहतात व सर्वसाधारणपणे ते मुलाला परत नेऊ शकतात.

२) कलम ३१ : न्यायालयाच्या हुकुमाने. यात कौन्सिललाही पालकत्वाचे हक्क मिळतात. आईबापांचे हक्क संपत नाहीत, पण कौन्सिल त्यांवर मर्यादा घालू शकते.

म्हणून कागद समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

कौन्सिलची कर्तव्ये कोणती?

अ) निर्णयापूर्वी मुलाचे व आईबापांचे म्हणणे जाणून घेणे आणि मुलाचा धर्म, वंश, संस्कृती व भाषा यांचा विचार करणे (कलम २२).

आ) न्यायालयाचा हुकूम असला तरी मुलाला दुसऱ्या धर्मात न वाढवणे (कलम ३३). आडनावावरून कोणी अंदाज बांधू नये, यासाठी बौद्ध आईबापांनी आपला धर्म व मातृभाषा स्वतः सांगून नोंदवून घ्यावी.

इ) पहिला आढावा कामाच्या २० दिवसांत, दुसरा त्यानंतर ३ महिन्यांत आणि पुढे दर ६ महिन्यांच्या आत घेणे.

ई) अठरा वर्षांनंतरही साथ देणे. २०१७ च्या कायद्याने अशा तरुणांना पंचविसाव्या वर्षापर्यंत सल्लागाराची मदत मागता येते.

कर्तव्यात कसूर झाल्यास कलम २६ नुसार मुलाला व आईबापांना तक्रार करता येते.

बंधू-भगिनींनो, कायदा कौन्सिलला पालक करतो. पण मुलाला रोज जेवायला वाढणारे घर समाजातूनच यावे लागते. ज्यांच्या घरी एखादी खोली व मनात माया आहे, त्यांनी फॉस्टर पालक होण्याविषयी आपल्या कौन्सिलकडे अवश्य चौकशी करावी. आपली भाषा बोलणारे घर मिळाले, तर त्या मुलाचे निम्मे परकेपण तेथेच संपेल.