दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि ग्रामीण भाग

दंतवैद्यकाची पदवी हाती पडताच विद्यार्थ्यापुढे प्रश्न उभा राहतो, तो ‘पुढे काय?’ हा. व्यवसायातील त्याचे समाधान बव्हंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. १९४८ च्या अधिनियमाने या व्यवसायाला कायद्याची बैठक दिली. आज वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेश ‘नीट’ या एकाच परीक्षेच्या गुणांवर होतात. त्यामुळे वैद्यकीय शाखा हुकलेला विद्यार्थी इकडे येतो तेव्हा काहीसा खिन्न असतो. मात्र चार वर्षांच्या अभ्यासक्रमात आणि वर्षभराच्या आंतरवासितेत आपल्या हातून रुग्णाची वेदना थांबल्याचा अनुभव आला, की ती खिन्नता ओसरू लागते.

यानंतरचे मार्ग तीन : पदव्युत्तर शिक्षण, नोकरी वा स्वतंत्र व्यवसाय. पदव्युत्तर शिक्षणाला आणखी तीन वर्षे लागतात. दवाखान्यासाठी खुर्ची, क्ष-किरण यंत्र व इतर साहित्य यांवर मोठे भांडवल गुंतते. साहजिकच ओढा शहराकडे राहतो आणि तेथे स्पर्धा तीव्र होते.

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावातून पाहिले असता या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. शासकीय सेवेत दंतशल्यचिकित्सकाचे पद सामान्यतः ग्रामीण रुग्णालय वा त्यावरील स्तरावर असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते सहसा नसते. मजुरी बुडू नये म्हणून शेतात राबणारी स्त्री दाढदुखी अंगावर काढते, प्रसंगी मिश्रीचा आधार घेते. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने रोग बरा होत नाही, उलट कर्करोगाचा धोका वाढतो. भरून वाचला असता असा दात अखेर काढावा लागतो.

एकीकडे कामाच्या शोधातील पदवीधर, दुसरीकडे उपचाराविना राहिलेला रुग्ण. हे अंतर कमी करणे गावालाही शक्य आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या दातांचीही तपासणी होते. उपचार सुचविलेले मूल रुग्णालयात पोहोचले की नाही, हे शिक्षकांनी पाहावे. तालुक्याच्या गावी बसणाऱ्या तरुण दंतवैद्याला बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीने एक खोली, पाणी व वीज उपलब्ध करून दिल्यास त्याच्या भांडवलाचा भार हलका होईल आणि रुग्णाचा हेलपाटाही वाचेल.

आपली गरज जेथे आहे तेथे काम करता येणे, हेच व्यवसायातील समाधानाचे मूळ होय.