कायदा एक, न्यायाधीश पांच

न्यायाधीश कायद्यांत लिहिलें असेल तेंच बोलतो, त्याच्या स्वभावाचा निकालाशीं संबंध नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. हें कितपत खरें आहे तें ह्या पाठांत आपण एका खटल्यावरून पाहूं.

जून १९७५ मध्यें आपल्या देशांत आणीबाणी पुकारण्यांत आली. हजारों लोकांस चौकशीवांचून तुरुंगांत टाकलें, व अटकेविरुद्ध कोर्टांत दाद मागण्याचा त्यांचा हक्क राष्ट्रपतींच्या हुकुमानें तहकूब झाला. तरी नऊ हायकोर्टांनीं कैद्यांचे अर्ज ऐकून घेतले. तेव्हां सरकार सुप्रीम कोर्टांत गेलें.

तेथें न्यायमूर्ति हंसराज खन्ना ह्यांनीं सरकारच्या वकिलास विचारलें कीं, एखाद्या पोलिसानें वैरभावानें कोणाचा जीव घेतला तर दाद मिळेल काय? आणीबाणी आहे तोंवर नाहीं, असें उत्तर आलें. २८ एप्रिल १९७६ रोजीं निकाल लागला. पांचांपैकीं चौघांनीं सरकारचें म्हणणें मान्य केलें. एकट्या खन्नांनीं नाकारलें. राज्यघटना तीच, कागद तेच, वकिलांची भाषणेंहि तींच. मग मतें दोन कां?

आम्हांस वाटतें तें असें. कायद्याचे शब्द स्पष्ट असतात तेथें स्वभावास वाव थोडा. पण जेथें दोन अर्थ संभवतात तेथें न्यायाधीशाचें मन निवड करितें. संकटकाळीं कोणी राज्यकर्त्यांवर विश्वास टाकितो, तर कोणी एकट्या कैद्याकडे आधीं पाहतो. चौघे विद्येनें उणे नव्हते; त्यांतील न्यायमूर्ति भगवती ह्यांनीं २०११ मध्यें आपली चूक उघडपणें कबूल केली. खन्नांनीं तर निकालापूर्वींच आपल्या बहिणीस सांगितलें होतें कीं, ह्यामुळें माझें सरन्यायाधीशपद जाईल. तसेंच झालें. जानेवारी १९७७ मध्यें त्यांस डावलण्यांत आलें, व त्यांनीं राजीनामा दिला.

तथापि त्यांचें भिन्न मत लेखी राहिलें. २०१७ मध्यें सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनीं चौघांचा निकाल चुकीचा ठरविला. त्या वेळचें मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड ह्यांनीं लिहिलें. त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड त्या चौघांपैकीं एक होते. मोठ्या प्रश्नास एकाहून अधिक न्यायाधीश कां बसवितात, व निकालाचीं कारणें लिहून कां घेतात, हें ह्यावरून कळेल.

वाचकहो, बांधाचा किंवा भाऊबंदांचा तंटा तोडण्यास आपणांपैकीं कित्येकांस बोलावणें येतें. तेव्हां मनास हे दोन प्रश्न विचारावे:

१. हा वादी माझा सोयरा नसून परका असता, तर मी हेंच म्हटलें असतें काय?

२. ह्या निकालानें माझेंच नुकसान होणार असतें, तरी मी तो दिला असता काय?