जखम कशी भरून येते

त्वचा कापली की काही मिनिटांतच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, रक्त साकळते आणि वाहणे थांबते. पुढचे दोन-तीन दिवस जखमेभोवती किंचित लाली, सूज व ऊब जाणवते. यावरून जखम चिघळली असे अनेकांना वाटते. वस्तुतः या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू व मृत पेशी यांचा निचरा करीत असतात. त्यानंतर तळाशी लालसर, दाणेदार मांसांकुर दिसू लागतात. त्यांत कोवळ्या रक्तवाहिन्या असल्याने जोराने पुसल्यास चटकन रक्त येते. ते खरवडू नयेत.

नवी त्वचा कडांकडून आत सरकते. ओलसर पृष्ठावर तिला सहज पसरता येते, तर वाळलेल्या खपलीखालून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डुकरांच्या वरवरच्या जखमा झाकून ठेवल्या असता त्या उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकल्या गेल्या. म्हणून ‘जखमेला हवा लागू द्या’ हा घरोघरचा सल्ला आता सोडून द्यावा.

हात साबणाने धुऊन जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरावी. रक्त थांबत नसल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, दाबून धरावे. मग निर्जंतुक पट्टीने झाकावे. पट्टी भिजली वा मळली की बदलावी. हळदीवर वडीलधाऱ्यांची श्रद्धा असते, परंतु डब्यातील हळद निर्जंतुक नसते. चुना व टूथपेस्टही लावू नये. माती वा शेण तर मुळीच नको, कारण त्यांत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. जखम खोल वा मळकट असून धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असल्यास टीडी लशीसाठी लगेच आरोग्य केंद्रात जावे. प्राणी चावल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

लाली पसरत जाणे, वेदना वाढत जाणे, पू किंवा ताप येणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये.

मधुमेह असलेल्यांच्या पायांतील संवेदना कमी झालेली असू शकते. चप्पल चावली तरी कळत नाही, आणि दुखत नाही म्हणून जखम किरकोळ समजली जाते. अशीच दुर्लक्षित जखम पुढे पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. त्यांनी रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसल्यास आरसा धरावा किंवा घरातील कोणाला तरी पाहण्यास सांगावे. लहानशी जखम आढळली तरी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा.