पाच हजारांच्या आतला तंबू

परदेशी भटक्यांच्या व्हिडिओंत एक किलोच्याही आतले तंबू दिसतात. चालायच्या काठीवर उभे राहणारे, तलम नायलॉनचे. ते पाहून मन चळतं, मग किंमत पाहून ठिकाणावर येतं. पण किंमत परवडली तरी ते आपल्या कामाचे नाहीत. जमिनीत घट्ट रोवलेल्या खुंट्यांच्या ताणावर ते तग धरतात आणि सह्याद्रीत आपला मुक्काम बऱ्याचदा कातळावर पडतो. तिथे खुंटी दोन बोटंही आत जात नाही. तेव्हा गडकोटांच्या वाटेवर नेण्यासाठी तंबू घेताना पहिली अट वजनाची नाही. खुंट्यांशिवाय तो उभा राहतो का, हे आधी पाहायचं. दोन पोल एकमेकांना छेदून जाणारा साधा घुमटाकार तंबू ही अट पुरी करतो आणि सुदैवाने बाजारात स्वस्तही तोच मिळतो.

हाताशी ठेवा: मापपट्टी, वजनकाटा, आणि ज्याच्याबरोबर झोपायचं तो सोबती.

१. आधी भाड्याच्या तंबूत एक रात्र काढा. पाचनई, साम्रद, राजमाचीची उढेवाडी इथे गावकरी तंबू भाड्याने देतात, जेवणाचीही सोय करतात. आपल्याला आत कोंडल्यासारखं होतं का, किती जागा लागते, हे त्या रात्री कळतं. तिथेच परवानगीचीही चौकशी करा. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे वनखात्याचे नियम आले. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत सूर्यास्तानंतर थांबता येत नाही. अशा गडाच्या पायथ्याला, कुणाच्या तरी शेतात विचारून तंबू लावणं केव्हाही बरं.

२. ऋतू ठरवा. इथे पैसे वाचतात. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर तंबूत झोपण्याचा हट्ट करू नये. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस स्वस्तच काय, महागड्या तंबूलाही दमवतो. त्या दिवसांत गावातलं घर किंवा ओसरी गाठावी. एकदा पावसाळा वगळला, की नोव्हेंबर ते मे या काळात तंबूला तोंड द्यायचं ते दव, वारा आणि एखादी अवकाळी सर यांना. हिमालयात वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाणार असाल, तर त्यासाठी वेगळा तंबू विकत घेऊ नका. तिथला तिथे भाड्याने मिळतो.

३. माप घ्या. आपल्या उंचीत २५ ते ३० सेंटिमीटर मिळवा, तेवढी आतली लांबी हवी. ५ फूट ८ इंच उंचीच्या माणसाला दोन मीटर लांबी जेमतेम पुरते. त्याहून कमी असेल तर पाय कापडाला टेकतात आणि सकाळी स्लीपिंग बॅगचं टोक ओलं लागतं. रुंदी माणशी निदान ६० सेंटिमीटर. ‘दोन माणसांचा’ असं छापलेल्या तंबूत दोन माणसं मावतात, त्यांच्या सॅक मावत नाहीत, हे धरून चाला. मात्र सॅकसाठी म्हणून तिघांचा घेऊ नका. सॅकवर प्लास्टिकची पिशवी चढवून ती बाहेरच्या पडवीत ठेवता येते.

४. वजन माणशी मोजा. तीन ते पाच हजारांत मिळणारे दोघांचे तंबू साधारण दोन ते तीन किलोंचे असतात. अडीच किलोंच्या आतला निवडा. दोघांनी वाटून घेतला की माणशी सव्वा किलो होतो. एकाने पोल, खुंट्या आणि बाहेरचं कापड घ्यायचं, दुसऱ्याने आतला भाग. ॲल्युमिनियमच्या पोलांचे, दोन किलोंखालचे तंबू बहुधा आठ-दहा हजारांच्या पुढे जातात. माझं स्पष्ट मत असं, की माणशी पाव किलो वाचवायला दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या बुटांवर घालावेत. एकट्याने फिरणाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा. त्याला सगळा भार एकट्याला वाहायचा असतो, त्याने थोडं थांबून, पैसे साठवून हलका घेतला तर चूक नाही. लेबलावर पिशवी, खुंट्या, दोऱ्या धरून वजन दिलंय की वगळून, हे नीट पाहा. शंका असेल तर सरळ काट्यावर ठेवा.

५. दोन थरांचाच घ्या. आत जाळीचा तंबू, त्यावर वेगळं पाणरोधक कापड. एकाच थराचे पॉप-अप तंबू स्वस्त असतात आणि झटकन उघडतात, पण श्वासाची वाफ थंड कापडावर जमून पहाटे तोंडावर ठिबकते. दोन थरांत ते पाणी बाहेरच्या कापडावरून खाली ओघळतं. शिवाय एप्रिल-मे महिन्यात बाहेरचं कापड काढून नुसत्या जाळीत झोपता येतं.

आता लेबल वाचा. ‘२००० मिमी’ याचा अर्थ, कापडावर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहीपर्यंत ते पाझरत नाही. आपल्या ऋतूंसाठी बाहेरच्या कापडाला १५०० ते २००० पुरे. तळाला ३००० किंवा जास्त हवं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तिथे दाब एकवटतो. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. आकडा मोठा आणि शिवण उघडी, असा तंबू नको. कापड पॉलिस्टरचं असेल तर नाक मुरडू नका. ते भिजल्यावर नायलॉनइतकं सैल पडत नाही आणि ऊनही जास्त सोसतं.

६. दुकानात उभा करून पाहा. आत दोघांनी शेजारी शेजारी पडा, उठून बसा, डोकं लागतं का बघा. चेन दहा वेळा उघडझाप करा. चेन अडकणारा तंबू कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा. फायबरग्लासचे पोल टोकाशी चिरतात, म्हणून दुरुस्तीची छोटी धातूची नळी सोबत मागून घ्या.

७. घरी आणल्यावर गच्चीत किंवा अंगणात लावा आणि शॉवरने किंवा झारीने वरून पाणी घाला. आत शिरून बोट फिरवत शिवणी तपासा. पाझरत असेल तर पावती जपलेली असतानाच कळायला हवं.

८. मग वजन कापा. लोखंडी खुंट्या काढून ॲल्युमिनियमच्या सहा घ्या. खाली अंथरायला जुना फ्लेक्स अनेक जण नेतात, फुकट मिळतो म्हणून. पण तो जड. हार्डवेअरच्या दुकानातला १०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद तळाच्या मापाचा कापला, तर पाव किलोत काम होतं. फ्लेक्स त्याच्या जवळजवळ तिप्पट भरतो. कागद तळापेक्षा चार बोटं आखूडच कापा, नाहीतर वरून ओघळलेलं पाणी त्यावर साचून तंबूखाली येतं.

९. कातळावर लावताना दोरीचं टोक लहान दगडाला बांधा आणि त्यावर मोठा दगड ठेवा. थेट मोठ्या दगडाला गुंडाळलेली दोरी घासून तुटते. हे दगड तटबंदीतून किंवा जोत्यावरून काढायचे नाहीत. सुटे पडलेलेच घ्या आणि सकाळी होते तिथे ठेवा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा, कड्याच्या काठापासून लांब राहा, आणि बाहेर कितीही थंडी असली तरी स्टोव्ह आत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१०. परतल्यावर त्याच दिवशी सावलीत वाळवा. नुसत्या दवानेही कापडाला बुरशी धरते आणि पाणरोधक लेप ओलसरपणात हळूहळू चिकट होऊन सुटतो. धुवायचाच झाला तर हाताने, साध्या पाण्याने. वॉशिंग मशीन, गरम पाणी आणि इस्त्री वर्ज्य. नंतर मूळ पिशवीत घट्ट कोंबू नका. उशीच्या जुन्या सुती अभ्र्यात सैल भरून कोरड्या कपाटात ठेवा.